गावाच्या पाण्याच्या मोटारी वाऱ्यावर चालवायच्यात, जाणकारांनी हात लावा

माळावरचा, सोमवार रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी हुक्केरी तालुक्यातला, संकेश्वरजवळचं गाव, वस्ती आठ-नऊ हजार. गावाचं नाव आत्ताच लिहीत नाही कारण पंचायतीत विषय अजून निघालेला नाही, कुणाला वाटायला नको की घरात न बोलता बाहेरच गाजावाजा केला. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली.

यंदा एप्रिलमध्ये जॅकवेलची, म्हणजे गावाचं पाणी उपसायच्या विहिरीची, ४० एचपीची मोटार माझ्याकडं आली. बेअरिंग धरलेलं, ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट आला की मोटार बंद करतो तो, कुणीतरी वायरचा तुकडा लावून बायपास करून ठेवलेला, मग काय, वाइंडिंगचा कोळसा. कॉपर उपसून काढताना हाताला काळी राख लागत होती आणि जळक्या वार्निशचा वास दोन दिवस दुकानातून गेला नाही. ते दोन दिवस गावाला नळ नव्हता. माझी आई एकाहत्तर वर्षांची, ती पण शेजारणीबरोबर मळ्यातल्या बोअरला घागर घेऊन निघाली, मी इकडं मोटार भरत बसलोय आणि आई दुकानासमोरून घागर घेऊन चाललीय, हे मला बघवलं नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. मोटार मी भरून देईन, पण बिलाचं काय? पाण्याचं आणि रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल पंचायतीला झेपत नाही, थकतं, नोटीस येते, मग दुसरा कुठला तरी निधी तिकडं वळवतात आणि गटारीचं काम राहतं. मी बसून युनिट मोजले. जॅकवेल ४० एचपी म्हणजे ३० किलोवॅट, १६ तास, म्हणजे ४८०. साडेसात एचपीचे अकरा बोअर, सहा तास धरले तर ३७०. तीनशे दिवे ४० वॅटचे रात्रभर, म्हणजे १३०. रोजचे हजाराच्या आत-बाहेर, वर्षाला साडेतीन लाख युनिट.

आणि गावाच्या पश्चिमेला आमचा माळ आहे. मृग लागला की तिथं छत्री धरायचं नाव नाही. आजोबांच्या वेळी खळी त्या माळाच्या कडेलाच असायची, वावडीवर उभं राहून जोंधळा उफणायचा तर वारा पाहिजेच, वारा पडला की माणसं बसून राहायची आणि रात्री सुटला तर कंदील लावून कामाला लागायची. तोच वारा आजपण आहे की. गावानं मिळून एक पवनचक्की घातली तर? कंपनीची नको, गावाची. कुणी असं केलंय का, किती वाऱ्याला किती वीज, काय लागतं, सगळं सांगा. मी मोटारीतला माणूस आहे, वाऱ्यातलं मला काही कळत नाही.


नॅसेलमधला, सोमवार रात्री ११:०५

दादा, मनापासून लिहिलंय तुम्ही. मी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगराकडच्या पवनचक्क्यांवर चार वर्षं टेक्निशियन होतो, नंतर गदग बाजूला. म्हणून थोडं सांगतो.

पहिल्या दिवशी चढलो तेव्हा खाली वारा नव्हता म्हटलं तरी चालेल, गवत हलत नव्हतं. ८० मीटरची शिडी, कमरेला हार्नेस, मधल्या प्लॅटफॉर्मवर थांबत थांबत, वर पोचेपर्यंत पोटऱ्यांचे गोळे झालेले. वरच्या यंत्राच्या डब्याची, म्हणजे नॅसेलची, झडप उघडून डोकं बाहेर काढलं आणि हेल्मेटची पट्टी गालावर फाडफाड वाजायला लागली. लांब नविलुतीर्थाच्या धरणाचं पाणी चमकत होतं आणि खाली रस्त्यानं यल्लम्माला निघालेली माणसं मुंगीएवढी. खालचा वारा आणि वरचा वारा वेगळा, हे मला त्या दिवशी कळलं, पुस्तकात नंतर वाचलं. साधारण असं धरतात की मोकळ्या रानात १० मीटरवर ४ मीटर प्रति सेकंद वारा असेल तर १०० मीटरवर साडेपाच असतो.

आता यातली खरी मेख. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानं वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. ५ च्या जागी साडेसहा झाला, म्हणजे फक्त दीडनं वाढला, तर ताकद दुपटीच्या वर जाते. म्हणून तुमच्या माळावर ५ आहे की साडेसहा आहे यावर सगळं ठरतं, आणि हे अंगावर वारा घेऊन कळत नाही, छत्री उलटी होण्यावरून तर नाहीच. वर्षभर मोजावं लागतं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं देशाचा वाऱ्याचा नकाशा केलाय, त्यात १२० मीटर उंचीला देशात ६९५ गिगावॅट आणि आपल्या कर्नाटकात १२४ गिगावॅट क्षमता धरलीय. पण नकाशा म्हणजे अंदाज. तुमच्या माळाचा वारा तुमच्या माळावरच मोजायचा.

आणि एक सांगू का, रागावू नका. आपल्या पट्ट्यात वर्षातली बरीचशी वीज जून ते सप्टेंबरमध्येच होते. तुमची मोटार एप्रिलमध्ये जळली. एप्रिलमध्ये पाण्याची ओढ सगळ्यात जास्त आणि चक्की तेव्हा बऱ्याच वेळा नुसती उभी असते.


पुण्यातला_चिकोडीकर, मंगळवार सकाळी ७:४०

मग सोलरच का नाही? मी सोलरच्या कामात आहे म्हणून नाही म्हणत, हिशोब बघा. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर हजार युनिटला २५० किलोवॅट लागतील, जागा सव्वा एकर. खर्च आजच्या भावानं सव्वा कोटीच्या आसपास. हलणारा भाग एक नाही, शिडी चढायला नको, मार्च-एप्रिल-मे मध्ये ऊन सगळ्यात जास्त आणि पाणी पण तेव्हाच जास्त उपसायचं. लहान पवनचक्की छतावर बसवतात त्याच्या नादाला तर लागूच नका, अडीच मीटर पंख्याचं यंत्र गावातल्या वाऱ्याला दिवसाला एखाद-दोन युनिट देतं, आजूबाजूच्या घरांनी आणि झाडांनी वारा फाटलेला असतो.


माळावरचा, मंगळवार सकाळी ९:१५

@नॅसेलमधला रागावायचं काय त्यात, डोळे उघडले. रात्री झोप लागली नाही एवढंच. @चिकोडीकर तुमचं पटतं. पण जून-जुलैमध्ये आमच्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा दिवे आणि मोटारी कशावर? ऊन नसतं तेव्हा वारा असतो आणि वारा नसतो तेव्हा ऊन, मग दोन्ही जोडीनं का नको?


पुण्यातला_चिकोडीकर, मंगळवार सकाळी ९:३१

जोडीनं करता येतं, आता बऱ्याच ठिकाणी एकाच जोडणीवर दोन्ही घालतात. हे मान्य.


सुमनआक्का, मंगळवार दुपारी २:२०

मी पंचायतीत एक टर्म सदस्य होते म्हणून लिहिते. तुम्ही सगळे वारा आणि ऊन मोजताय, मी माणसं मोजते.

ग्रामसभेत तुम्ही उभं राहून "गावाची पवनचक्की" म्हणालात की पहिला प्रश्न येणार, "आम्हाला काय मिळणार?" आणि तुम्ही म्हणालात बिल कमी येईल, तर लोक उठून जातील. राज्य सरकारची गृहज्योती योजना आल्यापासून २०० युनिटच्या आतल्या घराला बिल शून्य येतंय. शेतातल्या १० एचपीपर्यंतच्या पंपाची वीज आधीपासूनच फुकट. मग बिल कुणाला उरलं? पंचायतीला, दुकानदाराला, पिठाच्या गिरणीला. घरच्या बाईला बिलाची काळजी नाही पण नळाची आहे. आमच्या वॉर्डात पाणी एक दिवसाआड, ते पण पहाटे साडेचारला, ज्या बाईला सातच्या बसनं कामाला जायचंय तिनं झोपायचं कधी? म्हणून वीज विकायची गोष्ट करू नका, पाण्याची गोष्ट करा. "पंचायतीचं बिल वाचलं तर दुसरी मोटार स्टँडबाय घेऊ, टाकी बांधू, पाणी सकाळी सहाला देऊ" असं सांगा. मग बायका तुमच्या पाठीशी उभ्या राहतात का नाही बघा.

आणि सभा नुसती मराठीत घेऊ नका. आमच्या गावात निम्मी घरं कन्नड बोलतात, माझी जाऊबाई तिकडचीच आहे. पंचायतीचा ठराव कन्नडमध्येच होणार, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब कन्नडमध्येच लिहिणार. कागद दोन्ही भाषेत वाचून दाखवला नाही तर उद्या एखादा म्हणेल आम्हाला अंधारात ठेवलं, आणि त्याचं चूक नसेल.


जुना_लाईनमन, मंगळवार संध्याकाळी ६:५०

आक्का बरोबर बोलल्या. मी केईबी (जुनं कर्नाटक वीज मंडळ) असल्यापासून खांबावर, आता रिटायर. माझं म्हणणं, वीज तयार करायच्या आधी वाया किती जाते ते बघा. ४० एचपीचा पंप कधीचा आहे? वीस वर्षांचा असेल तर इंपेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) झिजून पाणी निम्मं आणि करंट पूर्ण अशी गत असते. मीटर लावा, एका तासात किती पाणी टाकीत पडतं आणि किती युनिट जातात ते लिहा. पाईपलाईनची गळती बघा. माझ्या अनुभवात पंप बदलून आणि गळती काढून पाव बिल तरी कमी होतं. त्याला ना वारा लागतो ना परवानगी.

दुसरं, तुम्ही हुक्केरी तालुक्यातले म्हणता, मग तुमच्याकडं आधीच काय आहे याचा विसर पडू देऊ नका. हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संघ १९६९ चा आहे. देशात सुरुवातीला ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या त्यातला एक. तिकडं नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा त्यातलीच, २०११ ला तिचं वितरण महावितरणकडं गेलं. हुक्केरीचा संघ अजून वीज वाटतोय. कर्नाटकातल्या आजूबाजूच्या सगळ्या तालुक्यांत हेस्कॉम ही सरकारी वीज कंपनी आणि मधे हा एक तालुका सहकाराचा. वीज सहकारानं वाटता येते हे पन्नास वर्षांपूर्वी आपल्या आजा-पणजांनी करून दाखवलंय, आता ती तयार पण सहकारानं करता येईल का, एवढाच प्रश्न आहे. आधी संघाच्या ऑफिसला जाऊन बसा, बाकी सगळं नंतर.


तंबाखूवाला_निपाणी, मंगळवार रात्री ८:०२

+१ लाईनमन काका. आमच्याकडं तवंदीच्या घाटावर पण मरणाचा वारा असतो. लक्ष ठेवून आहे धाग्यावर.


सहकार_वाचक, मंगळवार रात्री ९:४५

"कुणी असं केलंय का" याचं उत्तर देतो. तमिळनाडूत कोईमतूर जिल्ह्यात ओडंथुरै म्हणून पंचायत आहे. आर. षण्मुगम तिथं अध्यक्ष असताना त्यांनी पाण्याचं आणि दिव्यांचं बिल बघून हाच विचार केला. २००६ साली पंचायतीनं ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. किंमत १ कोटी ५५ लाख. ४० लाख पंचायतीची स्वतःची शिल्लक आणि बाकीचं बँकेचं कर्ज. वर्षाला पावणेसात लाख युनिटच्या आसपास वीज, गावाची गरज साडेचार लाखांची, उरलेली वीज मंडळाला विकली आणि त्यातून कर्ज फेडलं.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लोक सांगत नाहीत. ती पवनचक्की ओडंथुरैमध्ये नाहीच. ती शंभर किलोमीटरच्या वर लांब, उदुमलपेटच्या बाजूला आहे, कारण पालघाटच्या खिंडीतून येणारा वारा तिथं लागतो. वीज तिथं तारेत घालायची आणि गावात तेवढे युनिट बिलातून वजा करून घ्यायचे. चक्की गावाची, जागा वाऱ्याची.

माळावरचे दादा, तुमच्या माळावर वारा कमी निघाला तरी तुमचं स्वप्न मोडत नाही, एवढंच सांगायचं होतं.


माळावरचा, मंगळवार रात्री १०:३०

हे वाचून खरंच उठून बसलो. आईला पण वाचून दाखवलं. ती म्हणाली लांब कशाला, डोळ्यासमोर फिरताना दिसली तर बरं वाटलं असतं. पण मला पटलं. सौंदत्ती आमच्यापासून काही परदेशात नाही, आपल्याच जिल्ह्यात आहे.


नॅसेलमधला, मंगळवार रात्री ११:२०

सहकार_वाचक यांनी मोठी गोष्ट सांगितली. पण २००६ आणि आजमध्ये एक फरक पडलाय तो सांगतो. तेव्हा २२५, २५०, ३५० किलोवॅटची यंत्रं सहज मिळायची. आता बाजारात बहुतेक २-३ मेगावॅटची किंवा त्याहून मोठी यंत्रं, हब (पंख्याचा मधला गड्डा) १२० ते १४० मीटरवर. २.१ मेगावॅटचं एक यंत्र चांगल्या जागी वर्षाला ५० लाख युनिट देतं. तुमच्या गावाला लागतात साडेतीन लाख. म्हणजे एका यंत्रातला चौदावा-पंधरावा भाग तुमचा, बाकीचा कुणाचा? आणि किंमत मेगावॅटला सात-आठ कोटी धरतात, एका गावानं पंधरा कोटीचं यंत्र घ्यायचं म्हणजे झोपच उडायची.

मार्ग दोन दिसतात मला. जुनी लहान यंत्रं काढून तिथं मोठी बसवतात तेव्हा काढलेली यंत्रं विकायला येतात, पण गिअरबॉक्स कुठल्या अवस्थेत आहे हे तेल तपासल्याशिवाय आणि आत उतरून दात बघितल्याशिवाय कुणाच्या शब्दावर घेऊ नका. मी स्वतः गिअरबॉक्सचं तेल काढलं तेव्हा त्यात बोटाला चमक लागली होती, पितळी भुकटीसारखी, ते यंत्र पुढं सहा आठवडे बंद होतं. एवढी मोठी क्रेन लगेच मिळत नाही, आणि मिळाली तरी वारा पडायची वाट बघावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे दहा-पंधरा गावांनी मिळून एक मोठं यंत्र घ्यायचं.


गडहिंग्लजचा_जावई, बुधवार सकाळी ८:१०

दहा-पंधरा गावंच पाहिजेत तर आमच्या बाजूची पण घ्या की. संकेश्वर ते गडहिंग्लज अर्ध्या तासाचा रस्ता. सोयरीक आहे, बाजार एक आहे, हिरण्यकेशीचं पाणी एक आहे, मग वीज का एक नको?


संकेश्वरचा_हिशेबनीस, बुधवार सकाळी १०:४०

जावईबापू, मनात आमच्या पण तेच आहे. पण विजेच्या कागदात सीमा फार जाड आहे. तुमच्याकडं महावितरण, आमच्याकडं हुक्केरीचा संघ आणि पलीकडं हेस्कॉम. दोन राज्यं, दोन वीज नियामक आयोग, दर वेगळे, नियम वेगळे. सीमेपलीकडं वीज न्यायची म्हणजे आंतरराज्य खुला प्रवेश (दुसऱ्याच्या तारेतून आपली वीज आणायची मुभा), तो मोठ्या कारखान्यांचा खेळ आहे. तुमच्या बाजूला ढालगाव, साताऱ्याकडं चाळकेवाडी, वनकुसवडे असे वाऱ्याचे पट्टे आहेत, तुम्ही तिकडं तुमचा गट करा, हिशोबाचे कागद आम्ही देतो.

आता एक बारीक पण कामाची गोष्ट. केंद्राच्या २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. म्हणजे ज्याचा मंजूर भार १०० किलोवॅट किंवा जास्त, त्याला बाहेरून हरित वीज घेता येते, आणि नंतरच्या दुरुस्तीनं एकाच वीज विभागातल्या अनेक जोडण्या मिळून १०० झाले तरी चालतात. माळावरच्या दादांचे आकडे बेरीज केले: जॅकवेल ३०, बोअर मिळून ६२, दिवे १२. झाले १०४. काठावर बसतंय!


जुना_लाईनमन, बुधवार दुपारी १२:०५

आणि माझं ऐकून पंप लहान घेतला तर १०४ चे ९५ होतील, मग?


संकेश्वरचा_हिशेबनीस, बुधवार दुपारी १२:३०

होय काका, बरोबर पकडलंत. म्हणून एकट्या गावानं जाऊच नये. त्याच विभागातल्या दुसऱ्या दोन-तीन पंचायती, एखादी नगरपालिका, एखादी दूध संस्था मिळाली तर यंत्राचा खर्च पण वाटला जाईल. मात्र प्रत्येक पंचायत म्हणजे वेगळा ग्राहक, तेव्हा त्यांची जोडणी कायद्यात कशी बसवायची हे आयोगाच्या नियमात बघूनच पुढं जायचं, तोंडी कुणाचं ऐकून नाही. पंप मात्र बदलाच. १०४ दिसावं म्हणून वीज जाळत बसणं बरं नव्हे.


उताऱ्यावर_नाव_आहे, बुधवार संध्याकाळी ७:१५

मी शेतकरी. माझी जमीन एका पवनचक्कीच्या रस्त्यात गेली म्हणून लिहितोय, कंपनीचं नाव घेत नाही.

एजंट आला तेव्हा म्हणाला यंत्राला दोन-अडीच एकरच लागते, बाकी तुमचं रान तुमचंच. खरं होतं ते. पण पातं केवढं लांब असतं बघितलंय का कुणी? ते घेऊन येणाऱ्या ट्रेलरला वळायला जागा पाहिजे, म्हणून बांध फोडून रस्ता केला, क्रेनला उभं राहायला मुरूम टाकून टणक पट्टा केला. पावसाचं पाणी पूर्वी ज्या ओघळीनं जायचं ती बुजली, आणि पहिल्याच पावसाळ्यात माझ्या भुईमुगात गुडघाभर पाणी उभं राहिलं. झाडाला हात लावला तर शेंगेसकट हातात येत होतं, कुजून. कागदावर जमिनीचे पैसे होते, ओघळीचं कुठंच नव्हतं. तीन वर्षं हेलपाटे घातले तेव्हा एक पाईप टाकून दिला.

म्हणून सांगतो, गावाचं यंत्र असलं तरी करार करताना रस्ता कुठून, पाणी कुठून, काम संपल्यावर बांध कोण बांधणार, हे लिहून घ्या. आणि वीस-पंचवीस वर्षांनी यंत्र म्हातारं झाल्यावर ते उतरवायचं कुणी, त्याचा पैसा आजच बाजूला टाका. जमीन भाड्यानं घ्या, विकत मागू नका. ज्याच्या नावावर उतारा आहे तो तुमच्या बाजूनं राहील.


सुमनआक्का, बुधवार रात्री ८:३०

भाऊ, तुमचं भुईमुगाचं वाचून वाईट वाटलं. हे सभेत येऊन सांगाल का? तुमच्या तोंडून ऐकलं तर लोक विचार करतील.


उताऱ्यावर_नाव_आहे, बुधवार रात्री ९:०३

येतो की आक्का. उन्हाळकाम आटपलं की.


पाखरं_बघणारा, गुरुवार सकाळी ६:३०

जागा ठरवताना आमचं पण ऐका. खानापूरच्या जंगलाकडं वारा आहे म्हणून कुणी बोट दाखवेल, तिकडं अजिबात नको. भीमगड अभयारण्यात बारापेडेच्या गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या जागी उरलंय ते. पात्याच्या मागं हवेचा दाब एकदम पडतो आणि वटवाघळाला नुसतं तेवढ्यानंही इजा होऊ शकते, थेट धडक तर वेगळीच. दुसरं, घटप्रभा पक्षी अभयारण्यात धुपदाळच्या पाण्यावर हिवाळ्यात करकोचे येतात, कांड्या करकोचे. त्यांची सकाळची येजा शेतांवरून असते, हरभऱ्याच्या रानात उतरतात. तुमच्या माळावर मोजणीचा खांब लावाल तेव्हा वर्षभर पाखरांची पण वही ठेवा. मी स्वतः महिन्यातून दोन सकाळी येऊन बसेन, पैसे नकोत, चहा द्या.

आणि वस्तीपासूनचं अंतर. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून ५०० मीटर सांगितलंय, आवाजासाठी. रस्त्यापासून हबची उंची अधिक निम्मा पंखा अधिक ५ मीटर. १२० मीटर हब आणि १२० मीटरचा पंखा असेल तर १८५ मीटर. माळावर एखादी धनगरवाडी असेल तर ती पण वस्तीच, नकाशात नसली तरी.


येळ्ळूरचा, गुरुवार सकाळी ११:००

आमच्या राजहंसगडाच्या बाजूला पण वारा जोरदार आहे, तिकडं का नाही कुणी विचार करत?


नॅसेलमधला, गुरुवार दुपारी १:४५

@येळ्ळूरचा गडाला हात लावायचा नाही, ती आपली जागा आहे. शिवाय बेळगावच्या आसपास सांबऱ्याचं विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, तिथं १८० मीटर उंच टोक असलेल्या यंत्राला उंचीची परवानगी आधी मागावी लागते. बेळगावपासून लांबच्या जागा आधी बघाव्यात.


माळावरचा, शुक्रवार रात्री १०:५०

तीन दिवस सगळं वहीत उतरवलं. उद्यापासून काय करणार ते लिहितो, चुकत असेल तर अडवा.

पवनचक्कीचं नाव सध्या सभेत काढायचं नाही. आधी पाण्याची वही. जॅकवेलला वेगळा मीटर मी स्वतःच्या खर्चानं लावतो, वॉटरमन रोज युनिट आणि टाकीची पातळी लिहील, त्याच्याशी बोललोय, तयार आहे. रिले बायपास करायचा नाही हे पण त्याला मोटार उघडून दाखवून सांगितलं, जळलेली कॉइल दुकानात खिळ्याला टांगून ठेवलीय, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. मग पंप आणि गळती. उन्हाळ्यासाठी चिकोडीकरांनी सांगितलेलं सोलर, जेवढं टाकीच्या आवारात बसेल तेवढंच सुरुवातीला.

वाऱ्याचं असं, माळावर एक जुना मोबाईलचा टॉवर आहे, मालकाला विचारून त्यावर दोन उंचीला वारा मोजायची यंत्रं लावता येतात का बघतो, पूर्ण वर्षभर, चारही ऋतू. नॅसेलमधल्या दादांनी बसवून द्यायचं कबूल केलंय, लोखंडी टॉवरच्या आडोशानं आकडा चुकतो म्हणून आडवा दांडा किती लांब घ्यायचा ते पण तेच सांगतील. वारा साडेसहाच्या पुढं निघाला तर माळाचा विचार. नाही निघाला तर ओडंथुरैचा रस्ता, पाच-सहा पंचायती मिळून सौंदत्तीकडच्या पट्ट्यात वाटा. दोन्हीकडं मालकी गावांची राहिली पाहिजे, यावर मी मागं हटणार नाही. आमच्या माळावरून वारा वाहतो आणि त्याचा पैसा दुसरीकडंच जातो असं पुढच्या पिढीनं बोलू नये एवढंच वाटतं.

संघाच्या ऑफिसला सोमवारी जातोय, लाईनमन काका बरोबर येतायत.

रविवारी सकाळी दहाला दुकानात बसू. बिलं मात्र मला सगळी मिळाली नाहीत, युनिट मी मोटारीच्या पाटीवरून आणि तासांवरून काढलेत.


सुमनआक्का, शुक्रवार रात्री ११:१८

बिलांची फाईल माझ्याकडं आहे, सदस्य असताना मीच झेरॉक्स काढून ठेवलेली, पाच वर्षांची, पाण्याची वेगळी आणि दिव्यांची वेगळी. रविवारी घेऊन येते. जाऊबाईला पण आणते, कन्नड कागद ती वाचेल.